मराठीतला एम. ए.चा लघुप्रबंध : भागांचा क्रम, मांडणी आणि सजावट – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी विषयाच्या मुलामुलींचे लघुप्रबंध छपाईला जाण्याआधी वाचून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. परीक्षा जवळ आल्या की फोन सुरू होतात आणि प्रश्न दर वर्षी जवळपास तेच असतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत एम. ए.च्या तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आला. त्यामुळे पूर्वी मोजक्यांना पडणारे प्रश्न आता अख्ख्या वर्गाला पडतात. खाली ते सोप्यापासून अवघडाकडे लावले आहेत. तुमच्या विद्यापीठाचं किंवा विभागाचं परिपत्रक असेल तर शेवटचा शब्द त्याचा. ते जिथे काही सांगत नाही, तिथे ही उत्तरं वापरा.

१. लघुप्रबंधात कोणकोणते भाग असतात आणि कोणता आधी, कोणता नंतर?

तीन गठ्ठे डोळ्यांसमोर ठेवा. पहिल्या गठ्ठ्यात मुखपृष्ठ, आतलं शीर्षकपृष्ठ, मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र, तुमचं प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, आणि गरज असेल तर तक्त्यांची, छायाचित्रांची व संक्षेपांची सूची. दुसऱ्यात प्रकरणं, पहिल्यापासून उपसंहारापर्यंत. तिसऱ्यात परिशिष्टं आणि संदर्भग्रंथसूची.

या शेवटच्या दोघांत आधी कोण, यावर विभागाविभागांत मतभेद आहेत. मी परिशिष्टं आधी आणि सूची अगदी शेवटी ठेवायला सांगते. परीक्षक सूची पाहायला वही मागून उघडतात, तेव्हा ती लगेच हाताशी लागते.

२. मनोगत, प्रास्ताविक, भूमिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश… एवढं सगळं लिहायचं का?

नाही. ही नावं पुस्तकांतून आपल्या डोक्यात बसलेली असतात. लघुप्रबंधाला दोनच लागतात : ऋणनिर्देश आणि पहिलं प्रकरण. हा विषय का निवडला, आधी कुणी काय लिहिलंय, तुम्ही काय शोधणार आणि कसं शोधणार, हे सगळं पहिल्या प्रकरणाचं काम आहे. तेच मनोगतात एकदा आणि भूमिकेत पुन्हा एकदा लिहिलं की वाचणारा पंधराव्या पानापर्यंत दारातच उभा राहतो.

ऋणनिर्देश एका पानात आटोपावा. क्रम साधारण असा : मार्गदर्शक, विभाग, ग्रंथालयं, ज्यांनी मुलाखती दिल्या ती माणसं, घरचे, टंकलेखक. मुलाखती देणाऱ्यांना तळाशी ढकलू नका. त्यांनी आपला दिवस मोडून तुम्हाला वेळ दिलेला असतो.

३. प्रकरणं किती असावीत आणि त्यांची विभागणी कशी करावी?

चार किंवा पाच पुरतात. पण नेमका आकडा शोधण्याआधी प्रत्येक प्रकरण कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं, ते एका वाक्यात लिहून पाहा. वाक्य जमलं नाही तर ते प्रकरण अजून तयार झालेलं नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा विषय आहे झाडीपट्टीतल्या नाटकांची भाषा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि वडसा हे तिथल्या नाटक कंपन्यांचं मोठं ठिकाण. विद्यार्थी पहिला आराखडा आणतात तो बहुतेक असा : पहिलं प्रकरण मराठी रंगभूमीचा इतिहास, दुसरं विदर्भाचा इतिहास व भूगोल, तिसरं झाडीपट्टीचा परिचय, चौथं नाटकांची भाषा, पाचवं उपसंहार. म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती भाषा चौथ्या प्रकरणात पोचते, तीही शेवटच्या पंधरवड्यात घाईघाईनं लिहिलेली.

हे उलटं करा. पहिल्या प्रकरणात विषय, उद्दिष्टं, पूर्वसंशोधन आणि पद्धत. दुसऱ्यात झाडीपट्टी रंगभूमी, पण वाचकाला पुढची भाषा समजायला जेवढी लागेल तेवढीच : प्रेक्षक कोण, प्रयोग कुठे होतात, संहिता कोण लिहितं. तिसऱ्यात संवादांतली बोली आणि प्रमाणभाषा, कोणतं पात्र कधी कोणती भाषा बोलतं. चौथ्यात गाणी, विनोद, लावणीचे प्रसंग, म्हणजे जिथे भाषा वेगळं काम करते ते भाग. पाचवं उपसंहार. आता विषय मधल्या तीनही प्रकरणांत पसरला आणि इतिहासाला त्याच्या मापाची जागा मिळाली.

लेखकावरच्या प्रबंधांत हाच घोळ ‘जीवन व व्यक्तिमत्त्व’ या प्रकरणात होतो. जन्म, शिक्षण, नोकरी, पुरस्कार यांची तीस पानं, आणि त्यातली एकही ओळ पुढच्या विश्लेषणात वापरलेली नसते. जे पुढे वापरणार नाही ते परिशिष्टात जीवनपट म्हणून टाका. तिथे ते शोभतं.

४. उपसंहार आणि निष्कर्ष एकच का?

उपसंहार हे प्रकरण. निष्कर्ष हा त्याच्या आतला क्रमांक घातलेला भाग. पहिल्या प्रकरणात जितकी उद्दिष्टं लिहिली, तितक्यांचा हिशेब इथे लागला पाहिजे. कित्येक परीक्षक आधी उद्दिष्टांचं पान उघडतात, मग थेट निष्कर्षांचं, आणि दोन बोटांत दोन पानं धरून ताडून बघतात. उद्दिष्टं पाच आणि निष्कर्ष तीन असतील तर तोंडी परीक्षेतला पहिला प्रश्न कोणता, ते तुम्हीच ओळखा.

नवं उदाहरण, नवा उतारा, नवा संदर्भ उपसंहारात आणू नये. आठवलंच तर मागे जाऊन योग्य प्रकरणात घाला. ‘पुढील संशोधनाच्या दिशा’ दोन-तीन परिच्छेदांत लिहा, पण ज्या वाटेवर तुम्ही स्वतः चार पावलं तरी चाललात, तेवढ्याच.

५. कागद, समास, अक्षराचा आकार, ओळींतलं अंतर?

विभागानं काही सांगितलं नसेल तर ए-फोर कागद, बांधणीच्या बाजूला म्हणजे डावीकडे दीड इंच आणि बाकी तिन्ही बाजूंना एक इंच समास, ओळींत दीडपट अंतर. पाठपोट छापणार असाल तर बांधणीची बाजू दर पानाला बदलते. तेव्हा पानाच्या मांडणीत ‘मिरर मार्जिन्स’ निवडा, नाहीतर डाव्या पानांवरची अक्षरं शिवणीत जातात.

अक्षराचा आकार मात्र आकड्यावरून ठरवू नका. मंगल फॉन्टमधला १२ आणि कोकिळा फॉन्टमधला १२ यांत डोळ्यांना मोठा फरक दिसतो, कोकिळा बरीच बारीक आहे. एक पान छापा, हातभर अंतरावर धरा, विनासायास वाचता आलं तर तो आकार बरोबर.

दोन्ही कडा सरळ जुळवल्या की ओळीत मोठमोठी भगदाडं पडतात, कारण मराठी सामासिक शब्द लांब असतात आणि संगणक ते तोडत नाही. अशा ठिकाणी वाक्य थोडं फिरवून बघा.

६. कोणता फॉन्ट वापरू? टायपिंगवाले काका म्हणतात जुनाच बरा.

युनिकोडच वापरा, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धत. इथे मी हट्टी आहे, आणि त्याला कारण आहे. माझा स्वतःचा प्रबंध जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकला होता. सादर करण्याच्या आदल्या दिवशी तो दुसऱ्या संगणकावर उघडला तर दोनशे पानं रोमन अक्षरांच्या भेंडोळ्यात बदललेली. रूपांतर करून घेतलं, तर रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांट्या जागा सोडून गेल्या. तीन मैत्रिणी रात्रभर माझ्यासोबत बसल्या म्हणून दुसऱ्या दिवशी वही जमा झाली. त्या फॉन्टमधला मजकूर शोधता येत नाही, साम्यतपासणीला (उचलेगिरी शोधणाऱ्या संगणकीय तपासणीला) चालत नाही आणि पाच वर्षांनी तुमचा तुम्हालाच वाचता येत नाही.

युनिकोडमध्ये फुकट आणि चांगले फॉन्ट भरपूर आहेत : नोटो सेरिफ देवनागरी, टीरो देवनागरी मराठी, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा. संस्कृत उतारे बरेच असतील तर आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका बघा, त्यात अवघड जोडाक्षरं नीट उमटतात. निवडताना ‘ल’ आणि ‘श’ तपासा. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयानुसार मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण आहे, काही फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात.

७. वर्डमध्ये फॉन्ट बदलते, आकार बदलते, पण मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. असं का?

कारण वर्ड देवनागरीला वेगळ्या कप्प्यात ठेवतं. फॉन्टची पूर्ण खिडकी उघडा (कंट्रोल आणि डी). तिथे रोमन अक्षरांसाठी एक जागा आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ नावाची दुसरी जागा दिसेल. मराठीचा फॉन्ट, ठळकपणा आणि आकार त्या दुसऱ्या जागेतून बदलतो. ती जागा दिसतच नसेल तर वर्डच्या भाषांच्या यादीत मराठी जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा.

हा बदल एकेका परिच्छेदात करत बसू नका. ‘नॉर्मल’ आणि मथळ्यांच्या शैलींत एकदाच करा. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

८. अनुक्रमणिका हातानं टाइप करू की आपोआप होते?

आपोआप होते, फक्त मथळे शैलीनं दिलेले हवेत. प्रकरणाच्या नावाला ‘हेडिंग १’, उपमथळ्याला ‘हेडिंग २’, त्याखालच्याला ‘हेडिंग ३’. नुसतं ठळक आणि मोठं केलेलं अक्षर माणसाला मथळा वाटतं, संगणकाला ते साधं वाक्यच. हे पहिल्या दिवसापासून करा. शंभर पानं झाल्यावर करणं म्हणजे घर बांधून झाल्यावर पाया भरणं.

क्रमांक १.१, १.१.१ असे द्या आणि तिथेच थांबा. ३.२.४.१.२ अशा मथळ्याखाली दोन ओळी असतील, तर तो मथळा नसून परिच्छेदाचं पहिलं वाक्य आहे. छपाईच्या अगदी आधी अनुक्रमणिकेवर उजवी टिचकी मारून ती अद्ययावत करायला विसरू नका. दर वर्षी निदान दोघांची तरी अनुक्रमणिका जुने पृष्ठक्रमांक घेऊन बांधली जाते.

९. पृष्ठक्रमांक कुठून सुरू करायचे? आधीच्या पानांना काय द्यायचं?

पहिल्या प्रकरणाचं पहिलं पान म्हणजे पृष्ठ १. त्याआधीच्या पानांना वेगळी मालिका. बरेच विभाग रोमन अंक देतात. मराठी ग्रंथांत मात्र एक जुनी, देखणी रीत आहे : ही पानं अक्षरी मोजायची, ‘तीन’, ‘चार’, ‘पाच’. विभागाची हरकत नसेल तर तीच वापरा, मराठी प्रबंधाला ती शोभते. शीर्षकपृष्ठ आणि प्रमाणपत्र मोजायचे, पण त्यांच्यावर क्रमांक छापायचा नाही.

वर्डमध्ये हे करायला प्रकरण १च्या आधी साधा पानतोड न टाकता ‘सेक्शन ब्रेक, नेक्स्ट पेज’ टाका. मग नव्या विभागाच्या तळपट्टीत जाऊन ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद करा आणि क्रमांक १पासून सुरू करा. अंक देवनागरी हवे असतील तर पृष्ठक्रमांकाच्या स्वरूपात १, २, ३ ही यादी शोधा. मराठी भाषा जोडलेली असेल (प्रश्न ७) तर ती दिसते.

मजकुरात देवनागरी अंक आणि तक्त्यांत इंग्रजी 1, 2, 3, अशी खिचडी करू नका. कोणते तरी एक.

१०. पुस्तकांची नावं तिरकी करायची का?

मला विचाराल तर नको. तिरकं अक्षर ही रोमन लिपीची रीत. बहुतेक देवनागरी फॉन्टना खरी तिरकी जोडी नसते, संगणक सरळ अक्षरालाच ढकलून वाकवतो आणि वेलांट्या-मात्रा कलंडल्यासारख्या दिसतात. मजकुरात ग्रंथाचं नाव एकेरी अवतरणात द्या. सूचीत ग्रंथाचं नाव ठळक आणि लेखाचं नाव एकेरी अवतरणात, म्हणजे दोन्ही वेगळे ओळखू येतात.

११. ‘केलं’ लिहू की ‘केले’?

इथे मी बोलल्यासारखं लिहिते आहे, प्रबंधात ‘केले, असे, पुस्तके’ ही रूपं चालू ठेवा. ‘केलं, असं, पुस्तकं’ ही मुलाखती आणि संवाद उद्धृत करताना. प्रमाणलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे नियम हाताशी असू द्या. १९६२मध्ये १४ आणि १९७२मध्ये आणखी ४, असे एकूण १८ आहेत, तासाभरात वाचून होतात.

१२. टीपा पानाच्या तळाशी, प्रकरणाच्या शेवटी, की कंसात?

तिन्ही पद्धती मान्य आहेत, तिन्हींची मिसळ मान्य नाही. मराठी विभागांत प्रकरणाच्या शेवटी ‘संदर्भ व टीपा’ ही पद्धत रुळलेली आहे. समाजशास्त्राकडे झुकणारा विषय असेल तर कंसात आडनाव, वर्ष, पृष्ठ हे सोपं पडतं.

टीपांच्या पद्धतीत पहिल्यांदा पूर्ण नोंद द्या. लगेच पुढची टीप त्याच ग्रंथाची असेल तर ‘तत्रैव, पृ. ४५’. मध्ये दुसरा ग्रंथ येऊन गेला असेल तर आडनाव आणि ‘उ. नि.’, म्हणजे उपरिनिर्दिष्ट. धोका असा की मसुदा फिरवताना एखादा परिच्छेद वरखाली होतो आणि ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाला चिकटतो. म्हणून कच्च्या मसुद्यात ‘तत्रैव’ लिहूच नका. प्रत्येक टीपेत आडनाव आणि छोटं शीर्षक ठेवा आणि मजकूर पक्का झाल्यावर शेवटी ‘तत्रैव’ करा.

१३. संदर्भग्रंथसूचीतली नोंद नेमकी कशी लिहावी?

मराठीत चालणारा साचा असा : आडनाव, नाव : ग्रंथाचे नाव, प्रकाशनसंस्था, गाव, आवृत्ती, वर्ष. संपादन असेल तर नावानंतर ‘(संपा.)’, अनुवाद असेल तर मूळ लेखकाचं नाव आधी आणि ग्रंथनावानंतर ‘अनु.’ लिहून अनुवादकाचं. तुम्ही प्रत्यक्ष हातात घेतलेल्या आवृत्तीचं वर्ष लिहा. पहिली आवृत्ती महत्त्वाची असेल तर ती त्याच नोंदीत पुढे जोडा.

सूचीचे भाग पाडा. ज्यांचा अभ्यास करता ते आधारग्रंथ. ज्यांच्या मदतीनं अभ्यास करता ते संदर्भग्रंथ. मग कोश, नियतकालिकं, अप्रकाशित प्रबंध, संकेतस्थळं. शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर) वाचलेला पीएच. डी.चा प्रबंध ‘अप्रकाशित प्रबंध’मध्ये जातो. विद्यापीठ आणि वर्ष लिहा, सोबत तो शोधगंगेवर पाहिल्याचं नमूद करा. एपीए किंवा एमएलए ही संदर्भ देण्याची इंग्रजीतली पद्धत विभागानं सांगितली असेल तर ती पूर्ण पाळा, वरच्या साच्याशी तिचं लग्न लावू नका.

आणि जे वाचलं नाही ते सूचीत नको. तोंडी परीक्षेत सूचीवर बोट ठेवून ‘यातलं काय वापरलंत?’ असं विचारलं जातं, आणि त्या वेळी होणारी मुलांची चलबिचल पाहवत नाही.

१४. टोपणनावानं लिहिणारे लेखक, संतकवी, लग्नानंतर नाव बदललेल्या लेखिका : सूचीत कुठल्या अक्षराखाली?

ग्रंथावर जे नाव छापलंय त्याच नावाखाली नोंद, आणि दुसऱ्या नावावरून ‘पाहा’ अशी सूचना. शिरवाडकरांनी कविता कुसुमाग्रज या नावानं आणि नाटकं वि. वा. शिरवाडकर या नावानं लिहिली. कवितासंग्रह ‘क’मध्ये, नाटक ‘श’मध्ये, आणि दोन्हीकडे एकेक ओळीची सूचना. बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर आणि मालती बेडेकर ही एकाच लेखिकेची तीन नावं. इथे सूचना दिली नाही तर वाचणाऱ्याला तीन वेगळ्या बायका वाटतील.

संतांना आडनावाच्या साच्यात कोंबू नका. ज्ञानेश्वर, तुकाराम, जनाबाई अशीच नावं घ्या. ‘संत’, ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘लोकशाहीर’ या उपाधींवरून अक्षरक्रम लागत नाही, सूचीत त्या लिहायच्याच नाहीत. मजकुरातही पहिल्या उल्लेखानंतर उपाधी गाळा आणि सगळ्यांना एकच न्याय द्या. आदरार्थी बहुवचन ठेवायचं तर दलित आत्मकथनकारांना, शाहिरांना आणि मुलाखत देणाऱ्या शेतमजूर बाईंनाही ठेवा. मराठी प्रबंधांत एकाला ‘म्हणतात’ आणि दुसऱ्याला ‘म्हणतो’ हे मला अजूनही सापडतं, आणि दर वेळी ते टोचतं.

१५. जुन्या पुस्तकावर फक्त शके आहे, काहींवर सालच नाही. दिवाळी अंकाचं काय?

शकात ७८ मिळवा. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा काळ असेल तर ७९. महिना माहीत नसेल तर दोन्ही वर्षं द्या : शके १८४५ म्हणजे इ. स. १९२३–२४. मूळ शक आधी, इसवी सन कंसात. साल नसेलच तर ‘प्रकाशनवर्ष नाही’ असं स्पष्ट लिहा, अंदाज लिहू नका. प्रस्तावनेखाली तारीख असेल तर ‘प्रस्तावना, १९३१’ अशी नोंद चालते.

दिवाळी अंकाला लेखक, लेखाचं नाव, नियतकालिकाचं नाव, ‘दिवाळी अंक’, वर्ष, पृष्ठं. १९०९च्या ‘मनोरंजन’पासून ही परंपरा सुरू आहे, आणि मराठीतलं कितीतरी महत्त्वाचं लेखन अजून फक्त दिवाळी अंकांतच आहे. नंतर तो लेख पुस्तकात आला असेल तर दोन्ही मजकूर ताडून पाहा. लेखक पुस्तक करताना बरेचदा हात फिरवतात.

१६. ओव्या, अभंग, कविता उद्धृत करताना ओळी मोडल्या तर चालेल का?

दोन ओळींपर्यंत मजकुरातच, तिरपी रेघ घालून. त्याहून जास्त असतील तर वेगळ्या परिच्छेदात, दोन्ही बाजूंनी आत सरकवून, अवतरणचिन्हांशिवाय, आणि कवीनं मोडल्या तिथेच ओळी मोडून. मुक्तछंदात मोकळी जागासुद्धा कवितेचा भाग असते, ती संगणकाच्या सोयीनं मिटवू नका.

ज्ञानेश्वरीसाठी अध्याय आणि ओवीक्रमांक पुरतो, पण प्रत कोणती ते पहिल्याच टीपेत सांगा. तुकारामांच्या गाथेत हे आणखी गरजेचं, कारण वेगवेगळ्या प्रतींत अभंगांचे क्रमांक जुळत नाहीत. एकच प्रत धरा आणि शेवटपर्यंत तिच्याशी राहा.

१७. सूची संगणकानं अक्षरक्रमानं लावली तर क्ष आणि ज्ञ भलतीकडेच गेले. आणि ‘ऱ्या’ असलेला शब्द शोधला तर अर्धेच सापडतात!

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच : संगणक अक्षर पाहत नाही, त्याचे घटक पाहतो. त्याच्या लेखी क्ष म्हणजे क आणि ष, ज्ञ म्हणजे ज आणि ञ. म्हणून ते बऱ्याचदा क आणि ज यांच्यात जातात. आपल्या वर्णमालेत ते शेवटी. प्रबंधात कोणताही क्रम चालेल, पण सगळीकडे तोच. मी यादी आपोआप लावून हे दोन गट हातानं शेवटी नेते.

‘ऱ्या’ची गंमत वेगळी आहे. ‘दऱ्या’ मधला चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारे टंकता येतो : एकात नुक्ता असलेलं ‘ऱ’ हे अक्षर, दुसऱ्यात साधा र आणि न दिसणारं जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. ‘ॲ’चंही तसंच. घरी एक आणि कॉलेजात दुसरा कळफलक वापरला की एकाच प्रबंधात दोन्ही येतात. एक नमुना निवडा आणि शोधा-बदलाच्या सोयीनं दुसरा काढून टाका. हे साम्यतपासणीआधीच करा (प्रश्न २०).

१८. मुलाखती बोलीत आहेत. प्रमाणमराठीत करून घालू का?

नका करू. बोलणाऱ्याचे शब्द त्यांच्या बोलीत ठेवा, अवघड शब्दांचा अर्थ टीपेत किंवा परिशिष्टातल्या शब्दसूचीत द्या. लेखनाचे तुमचे नियम (आघात, लांबवलेले स्वर, गाळलेल्या जागा) परिशिष्टाच्या सुरुवातीला एका परिच्छेदात लिहा.

सगळ्या मुलाखती पूर्ण छापायची गरज नाही. ज्यातून उतारे घेतले त्या द्या. प्रत्येकीला क्रमांक, तारीख, गाव लिहा आणि नाव छापायला त्या व्यक्तीची परवानगी घ्या. नाही म्हणाल्या तर ‘निवेदक ३, वय ६०च्या पुढे’ एवढंच. छोट्या गावात वय, आडनाव आणि धंदा यांवरून माणूस ओळखू येतो, हे लक्षात असू द्या.

१९. मोडी कागद आणि रोमी (म्हणजे रोमन) लिपीतले कोकणी उतारे कसे द्यायचे?

मोडी कागदाचं देवनागरी लिप्यंतर मजकुरात आणि मूळ कागदाचं छायाचित्र परिशिष्टात. वाचता न आलेलं अक्षर चौकटी कंसात टिंबांनी दाखवा, स्वतःच्या मनानं भरू नका. नोंदीत संग्रहाचं नाव आणि तिथला शोधक्रमांक हवा. पुणे अभिलेखागारातल्या पेशवे दफ्तराचा कागद असेल तर दफ्तराचं नाव व रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) क्रमांक. छायाचित्र छापायची लेखी परवानगी संस्थेकडून आधीच मागा, ती यायला दिवस लागतात.

गोव्यातल्या विद्यार्थ्यांसाठी : रोमी कोकणी उतारा मूळ लिपीतच ठेवा आणि खाली देवनागरी द्या. तिथे लिपी हा नुसता टंकनाचा मुद्दा नाही, लेखकाची निवड आहे.

२०. साम्यतपासणीत १० टक्क्यांच्या वर गेलं तर नापास?

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम असे : १० टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर ठरवून दिलेल्या, जास्तीत जास्त ६ महिन्यांच्या मुदतीत सुधारून पुन्हा सादर करायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही. ६०च्या वर नोंदणी रद्द. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, सूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश मोजणीतून वगळले जातात.

यात एक बारकावा आहे. हे नियम प्रबंध-लघुप्रबंधांना लागू होतात, पण त्यांच्या व्याख्येतून प्रकल्प अहवाल आणि स्वाध्याय वगळलेले आहेत. तुमचं काम यांपैकी काय धरलं जातं, हे विभागाकडून लेखी विचारून घ्या. आणि आकडा कमी असला म्हणजे सगळं ठीक असंही नाही : इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद मराठीत करून संदर्भाविना घातला तर यंत्राला कदाचित कळणार नाही, पण ती उचलेगिरीच. कल्पना दुसऱ्याची असेल तर शब्द तुमचे असूनही टीप द्यायची.

२१. बांधणी झाली, आणि मग चूक सापडली. आता?

आधी शांतपणे चुकीचं वजन करा. वेलांटी चुकली असेल तर सोडून द्या. उताऱ्याचा कर्ता चुकला, आकडा चुकला, मुलाखत देणाऱ्याचं नाव चुकलं, तर एका पानाचं शुद्धिपत्र करा : पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध, अशा चार रकान्यांचं. मार्गदर्शकांना दाखवून ते प्रत्येक प्रतीत अनुक्रमणिकेच्या आधी चिकटवा, सुटं ठेवलं तर पडतं. पीडीएफ जमा करायची असेल तर ती मात्र दुरुस्त करूनच द्या, आणि पाठवण्याआधी तिच्यातली एक ओळ नक्कल करून दुसरीकडे चिकटवून बघा, अक्षरं शाबूत येतात का ते कळेल.

प्रमाणपत्रावर किंवा शीर्षकात चूक असेल तर शुद्धिपत्र चालत नाही. ते पान नव्यानं छापून, सही घेऊन, बांधणी उसवून बसवावं लागतं. म्हणून बांधणीवाल्याकडे जाताना पहिली पाच पानं दुसऱ्या कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या, शक्यतो ज्यानं तुमचा प्रबंध आधी कधीच पाहिलेला नाही अशा माणसाकडून.